कातळ, कडे आणि त्यांचे नंबर: चढाईच्या ग्रेडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सरला, कातळ वाळला की मुंबई-पुण्याहून आणि आताशा चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीतूनही पोरं दोर-हार्नेस घेऊन बाहेर पडतात. कड्याखाली पोचल्यावर पहिला प्रश्न असतो, “याचा ग्रेड काय?” त्यावरून जे काही विचारलं जातं ते इथे एकत्र केलंय. उत्तरं कोकण आणि कोकणात उतरणारे सह्याद्रीचे कडे डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत.

ग्रेड म्हणजे नक्की काय, आणि तो ठरवतं कोण?

चढाईची एखादी वाट, म्हणजे रूट, किती अवघड आहे याबद्दल ती चढलेल्यांचं झालेलं एकमत म्हणजे ग्रेड. पहिल्यांदा चढणारा एक आकडा सुचवतो. मागून येणारे चढतात आणि म्हणतात, “बरोबर आहे,” नाहीतर, “अर्धी पायरी खाली आण.” बरेच जण चढून गेले की आकडा स्थिरावतो. हापूस पेटीत लावताना फळ काट्यावर टाकता येतं, वजन दिसलं की वाद मिटतो. कातळाला असा काटा नाही. त्यामुळे एकट्यानेच चढलेल्या रूटचा ग्रेड हा त्या माणसाचा अंदाज, एवढंच समजायचं.

हा आकडा कातळ कोरडा आहे, होल्ड, म्हणजे हातापायाला मिळणाऱ्या पकडी, जागेवर आहेत आणि चढणाऱ्याला त्या प्रकारच्या चढाईची सवय आहे, असं धरून दिलेला असतो. कोकणात यातली एखादी तरी गोष्ट बहुतेक वेळा हुकलेली असते. त्याबद्दल पुढे.

ट्रेकच्या जाहिरातीत “श्रेणी: कठीण” असतं, ते हेच का?

नाही. ट्रेकची सोपी, मध्यम, कठीण ही श्रेणी चालणं, चढ, उन्हात पाणी मिळणं न मिळणं, वाटेतला एखादा रॉक पॅच, उतरताना लागणारा घसारा या सगळ्याची गोळाबेरीज असते. प्रत्येक ग्रुप ती आपापल्या हिशेबाने लावतो. एकाचा “मध्यम” दुसऱ्याचा “कठीण” होतो तो त्यामुळेच.

ट्रेक कुठे संपतो आणि प्रस्तरारोहण कुठे सुरू होतं हे सांगणारी एक जुनी वर्गवारी आहे. अमेरिकेतल्या सिएरा क्लबने ती १९३७ मध्ये घेतली. पहिला वर्ग म्हणजे नुसतं चालणं. दुसऱ्यात मधूनच हात टेकावा लागतो. तिसऱ्यात चारी हातपाय वापरून चढायचं. चौथ्यात चढाई फार अवघड नसते, पण पडलात तर संपलात, म्हणून दोर लावलेला बरा. पाचव्यात दोर, बिले देणारा, म्हणजे तुमचा दोर सांभाळणारा, जोडीदार आणि मध्येमध्ये दोर अडकवायला आधार, हे सगळं लागतंच. रॉक क्लाइंबिंगचे आकडे या पाचव्या वर्गाच्या पोटात येतात.

आपल्याकडची उदाहरणं घ्या. रायगडाच्या पायऱ्या पहिल्या वर्गातल्या. कलावंतीण दुर्गाच्या कोरीव पायऱ्या माझ्या मते दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी बसतील. तिथे पाय ठेवायला जागा भरपूर आहे, पण शेजारी दरी उघडी असल्यामुळे दृष्टिभय असलेल्याचे पाय लटपटतात. दरी दिसण्याने ग्रेड वाढत नाही, हे नव्या माणसाला पटतच नाही. रायगडासमोरचा लिंगाण्याचा सुळका मात्र सरळ पाचव्या वर्गात जातो. तिथे “आमचे बरेच ट्रेक झालेत” हे उत्तर चालत नाही.

५.१० हा ५.९ पेक्षा मोठा कसा? गणितात तर ५.१० म्हणजे ५.१.

कारण तो टिंब दशांशाचा राहिलेलाच नाही. वाचायचं “पाच-दहा”, पाच पूर्णांक दहा असं नाही.

झालं असं की दक्षिण कॅलिफोर्नियात ताक्वित्झ नावाचा ग्रॅनाइटचा कडा आहे. तिथे चढणाऱ्यांनी १९५० च्या दशकात पाचव्या वर्गाचे ५.० ते ५.९ असे दहा भाग पाडले. रॉयल रॉबिन्सने १९५२ मध्ये तिथला ओपन बुक हा रूट एकाही खिळ्याला न लटकता चढला, आणि ५.९ म्हणजे काय ते त्यावरून ठरलं. त्यांच्या हिशेबाने ५.९ ही शेवटची पायरी होती. पुढे त्याहून अवघड रूट झाले. सहावा वर्ग आधीच कृत्रिम साधनांनी होणाऱ्या चढाईसाठी राखलेला होता, म्हणून ६.० म्हणता येईना. मग ५.१० आला, ५.११ आला. १९७० च्या दशकात ५.१० पासून पुढे प्रत्येकाला ए, बी, सी, डी असे चार पोटभाग पडले. आज ही माळ ५.१५-डी पर्यंत पोचली आहे.

ही योसेमिटी पद्धत. सह्याद्रीच्या माहितीपत्रकांत आणि ट्रेकर मंडळींच्या बोलण्यात हीच जास्त ऐकू येते.

जुने ५.८, ५.९ इतके अवघड का वाटतात?

वरचं उत्तर वाचलंत तर कारण त्यातच आहे. माथ्यावर झाकण होतं तेव्हा अवघडातलं अवघडही ५.९ मध्येच कोंबलं गेलं. पुढे आकडे वाढले तरी जुन्या रूटांवरची पाटी फारशी कुणी बदलली नाही. त्यात चढणाऱ्यांचा अहंकार. अवघड रूटला मुद्दाम कमी ग्रेड सांगण्याची खोड जगभर आहे, तिला इंग्रजी बोलणारे सँडबॅगिंग म्हणतात.

आपल्याकडे हे काम गावातले म्हातारे बिनदिक्कत करतात. “वाट हाय की, आमची गुरं जातात वरनं,” असं सांगून ते तुम्हाला जिथे पाठवतात तिथे बकरीसुद्धा विचार करून पाय टाकेल. त्यांना फसवायचं नसतं. लहानपणापासून त्या वाटेने गेल्यामुळे ती त्यांना अवघड वाटतच नाही. जुन्या क्लाइंबरांचंही तसंच. एखाद्या सुळक्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाने “सोपंय रे” म्हटलं तर त्यात एक-दोन पायऱ्या मिळवून घ्याव्यात.

फ्रेंच, यूआयएए, ब्रिटिश… इतक्या पद्धती कशाला? एकच का नाही?

जो-तो आपल्या कातळावर आपली पद्धत लावत गेला, आणि जुन्या पुस्तकांतले हजारो आकडे आता कोण बदलणार?

म्युनिकच्या विलो वेल्झेनबाखने १९२० च्या दशकात सहा पायऱ्यांची पद्धत लावली. तीच पुढे आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने, म्हणजे यूआयएएने उचलली. ती रोमन आकड्यांत लिहितात. तिलाही सहावर झाकण होतं, ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी काढावं लागलं. ऑस्ट्रेलियात जॉन यूबँकने १९६० च्या दशकात शहाण्यासारखं एकपासून पुढे नुसते आकडे द्यायला सुरुवात केली. अक्षर नाही, अधिक-उणे नाही, झाकण नाही. मला विचाराल तर सगळ्यात सरळ पद्धत तीच, पण ती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेच्या पलीकडे फारशी गेली नाही.

दोर अडकवायला कातळात भोक पाडून कायमचे बोल्ट मारलेल्या स्पोर्ट रूटांसाठी जगात आज सर्वाधिक चालते ती फ्रेंच पद्धत. आकडा, त्यापुढे ए, बी किंवा सी, आणि अर्धी पायरी वर असेल तर अधिकचं चिन्ह: ६-ए, ६-ए+, ६-बी. आपल्यापासून रात्रीच्या प्रवासावर असलेल्या बदामीच्या लाल वालुकाश्मावर गेलात तर हेच आकडे कानावर पडतील.

आणि मग इंग्रज. त्यांच्या पारंपरिक पद्धतीत दोन ग्रेड शेजारी-शेजारी असतात. एक पूर्ण रूट मिळून किती अंगावर येतो ते सांगतो: अवघड, फार अवघड, कडक, फार कडक अशा शब्दांनी सुरू होऊन पुढे ई-१, ई-२ असे आकडे. दुसरा फक्त सगळ्यात अवघड हालचालीचा. ही पद्धत किचकट म्हणून लोक हसतात, पण धोका आणि अवघडपणा वेगवेगळे मांडायचं काम तीच नीट करते.

मला झटपट रूपांतर सांगा.

साधारणपणे, आणि फक्त साधारणपणे: ५.९ म्हणजे फ्रेंच ५-सी. ५.१०-ए म्हणजे ६-ए. ५.११-डी म्हणजे ७-ए. ५.१२-डी म्हणजे ७-सी. ५.१४-डी म्हणजे ९-ए. ५.१५-डी म्हणजे ९-सी. यूआयएएत ७-ए हा रोमन आठच्या आसपास आणि ९-ए हा रोमन अकराच्या. मधल्या पायऱ्या तक्त्यागणिक अर्ध्या-पाऊण पायरीने सरकतात, तेवढ्यावरून भांडू नये.

बोल्डरिंगचे व्ही-४, ६-बी वगैरे वेगळे आहेत का?

पूर्ण वेगळे. बोल्डरिंग म्हणजे दोराशिवाय, खाली गादी टाकून, चार-पाच मीटर उंचीच्या दगडावरची छोटी चढाई. तिला दोन पद्धती. टेक्सासमधल्या ह्युएको टँक्सला जॉन शर्मनने रुजवलेली व्ही पद्धत, जी व्ही-० पासून आज व्ही-१७ पर्यंत गेली आहे. आणि पॅरिसजवळच्या फाँतेनब्लो जंगलातल्या दगडांवरची, जिला सगळे फॉन्ट म्हणतात.

घोटाळा इथे होतो. फॉन्टचा ६-ए आणि फ्रेंच रूटचा ६-ए दिसायला सारखे. पण फॉन्टचा ६-ए म्हणजे साधारण व्ही-३, आणि त्यातली हालचाल फ्रेंच ६-ए रूटवरच्या कुठल्याही हालचालीपेक्षा बरीच अवघड असते. रोमन लिपीत मोठ्या आणि छोट्या अक्षराने हा फरक दाखवतात. मराठीत लिहिताना आकड्याआधी “फॉन्ट” असं लिहून टाका, म्हणजे वाचणारा चुकीच्या दगडाखाली जाणार नाही.

उत्तर कोकणात नवी मुंबईतल्या बेलापूरचे दगड बोल्डरिंगसाठी ओळखीचे आहेत. बोल्डरिंगच्या विश्वचषकाची फेरी २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत झाली, तेव्हा जगातले पहिल्या फळीतले क्लाइंबर इथे येऊन घामाघूम झाले होते. स्पर्धेतल्या भिंतीवर मात्र ग्रेड लिहीत नाहीत. सगळ्यांना तेच प्रॉब्लेम, म्हणजे त्याच छोट्या चढाया, कोण कुठवर आणि किती प्रयत्नांत पोचतो एवढंच मोजतात.

ग्रेड कमी असेल तर रूट सुरक्षित, बरोबर?

चूक. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ग्रेड अवघडपणा सांगतो. पडलात तर काय होईल ते तो सांगत नाही. ५.१२ च्या रूटवर दर दोन मीटरला चांगला बोल्ट असेल तर तुम्ही दिवसभर पडत राहाल आणि संध्याकाळी चहा प्याल. ५.६ च्या रूटवर पहिल्या पंधरा मीटरमध्ये दोर अडकवायला काहीच नसेल, तर चौदाव्या मीटरवर सुटलेला हात तुम्हाला थेट जमिनीवर आणतो. आकडा निम्मा, परिणाम उलटा.

अमेरिकेत यासाठी ग्रेडपुढे आणखी एक अक्षर लावतात, तिथल्या सिनेमाच्या प्रमाणपत्रांवरून उचललेलं. आर म्हणजे आधार लांब-लांब आहेत, पडलात तर मोठी दुखापत. एक्स म्हणजे पडूच नका. आपल्याकडे ही अक्षरं क्वचितच कुणी लिहितं. म्हणून कड्याखाली उभं राहून विचारायचे प्रश्न वेगळे: पहिला आधार किती उंचीवर? मध्ये सर्वांत मोठं अंतर किती? खाली लेज, म्हणजे कातळाचा ओटा, आहे का, म्हणजे दोर ताणायच्या आधीच पाय आपटेल का? बोल्ट कोणत्या साली मारले?

मधमाश्यांसाठी तर कुठल्याच पद्धतीत अक्षर नाही. कर्नाळ्याच्या सुळक्याला आग्या मोहोळं लागलेली खालूनही दिसतात. तिथे परफ्यूम, धूर आणि आरडाओरडा या तीन गोष्टी ५.१३ पेक्षा घातक आहेत.

समुद्राकडेच्या कड्यांवर बोल्ट मारलेले दिसतात. वापरावेत का?

माझं उत्तर: कोणी, कधी आणि कोणत्या धातूचा मारला हे सांगणारा माणूस भेटल्याशिवाय नाही.

जवळ जाऊन बघा. बोल्टच्या डोक्याभोवती तपकिरी ओघळ उतरलेला असतो, नटाच्या कडा पापुद्र्यासारख्या सुटलेल्या, बोल्टवरची दोर अडकवायची पट्टी, म्हणजे हँगर, बोटाने हलवला तर किंचित फिरतो. हा लोखंडाचा गंज निदान दिसतो तरी. त्याहून वाईट प्रकार स्टेनलेस स्टीलचा. खाऱ्या, उष्ण, दमट हवेत क्लोराइडमुळे ताणाखालच्या स्टीलला आतून बारीक तडे जातात. वरून बोल्ट चकचकीत, आणि वजन आलं की काडीसारखा मोडतो. थायलंडमध्ये क्राबीच्या समुद्रकड्यांवर चांगल्या प्रतीचे स्टेनलेस बोल्ट थोड्याच वर्षांत असे तुटायला लागले, म्हणून तिथे टायटॅनियमचे बोल्ट डिंकाने, म्हणजे इपॉक्सीसारख्या रसायनाने, बसवायला सुरुवात झाली. आपला किनारा उष्णतेत आणि खारेपणात त्यापेक्षा फार मागे नाही.

अशा ठिकाणी वर झाडाला किंवा मोठ्या धोंड्याला अँकर बांधून टॉप रोप लावणं, म्हणजे वरून सोडलेल्या दोरावर चढणं, हा शहाणपणाचा मार्ग. अँकर दोन वेगळ्या ठिकाणांहून घ्या. किनाऱ्यावरचं झाड दिसायला मोठं असलं तरी मुळं पातळ मातीत पसरलेली असतात.

आणि भरती. कड्याच्या तळाशी उतरण्याआधी पंचांग बघा. तिथीच्या पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ येते हा हिशेब किनाऱ्यावर कुणालाही ठाऊक असतो: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त वर चढतं. हरिहरेश्वरसारख्या ठिकाणी लाटांनी कोरलेल्या कातळाच्या ओट्यावर माणसं निवांत उभी असतात आणि एक लाट सगळं बदलून टाकते. तिथे ग्रेड बघायला वर मान करून उभं राहू नका.

जांभ्यावर चढता येतं का? त्याचा ग्रेड काय धरायचा?

चढता येतं, ग्रेड धरू नका.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांच्या कडा आणि चिरेखाणींच्या उभ्या भिंती बघून हात शिवशिवतात, कबूल. खाणीच्या भिंतीवर यंत्राच्या करवतीने पाडलेल्या आडव्या खाचा असतात, बोटाचं पहिलं पेर बसेल एवढ्या. लांबून त्या शिडीसारख्या दिसतात. पण ताजा कापलेला जांभा मऊ असतो, उघड्यावर राहून तो कडक होतो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. एका खाचेवर पूर्ण वजन टाकता येतं, शेजारची हातात भुकटी होऊन येते. गेल्या महिन्यात ज्या खाचेमुळे रूट ५.७ होता ती आज नसते. ग्रेडला अर्थ यायचा तर कातळ निदान दोन-चार वर्षं तसाच राहायला हवा. यात बोल्ट मारण्याचा विचार तर सोडूनच द्या. खाण चालू असेल तर मालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

बेसॉल्टची गोष्ट वेगळी. सह्याद्री आणि कोकणाचा बराचसा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. एका थराचा कातळ लोखंडासारखा, त्याच्या वरचा मुरमाड, मध्ये गवताची पट्टी. म्हणून आपल्याकडच्या लांब रूटना एक आकडा देणं अवघड जातं. कातळटप्पा ५.८, त्यावरच्या गवताळ उतारावर ग्रेड नाही पण भीती सगळी तिथेच. ग्रॅनाइटवरून आलेला, हंपीत हात बसलेला माणूस इथे आकडा बघून हसतो आणि हातात आलेला होल्ड बघून गप्प होतो. होल्डवर वजन टाकण्याआधी मुठीने ठोकून बघायची सवय लावा. भरीव आवाज आला तर धरा, पोकळ आला तर शेजारचा शोधा.

मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला बेसॉल्ट संपून त्याखालचे कितीतरी जुने खडक वर येतात. तिथला कातळ आणखी वेगळा, तिथले अंदाज इकडे लावू नका.

जुन्या सुळक्यांच्या माहितीत ए-१, ए-२ असं लिहिलेलं असतं. ते काय?

ती कृत्रिम चढाईची श्रेणी. भेगेत पिटॉन, म्हणजे लोखंडी खिळा, ठोकायचा किंवा बोल्ट मारायचा, त्याला कापडी शिडी अडकवायची, तिच्यावर उभं राहून पुढचा ठोकायचा. सह्याद्रीतले बरेच सुळके पहिल्यांदा असेच चढले गेले. ए-० म्हणजे अधूनमधून बोल्ट धरून ओढून घेणं. ए-१ म्हणजे ठोकलेला प्रत्येक खिळा पक्का. पुढे खिळ्यांवरचा भरवसा कमी होत जातो आणि ए-५ पर्यंत पोचेस्तोवर अख्ख्या टप्प्यात पडणं थांबवेल असं काही नसतं. म्हणजे ही श्रेणी धोका सांगते, वरच्या आकड्यांच्या अगदी उलट.

एकाच कड्याला दोन्ही ग्रेड असू शकतात. अमेरिकेत योसेमिटीतल्या एल कॅपिटन या कड्यावरचा नोज हा रूट १९५८ मध्ये खिळे ठोकत चढला गेला. साधनांवर भार टाकत तो आजही ५.९ आणि ए-२ च्या आसपास धरतात. लिन हिलने १९९३ मध्ये तोच रूट दोर फक्त पडण्यापुरता ठेवून हातापायांनी चढला, आणि तसा चढायला तो आज ५.१४-ए धरतात. आपल्या सुळक्यांवर हे काम अजून भरपूर बाकी आहे, आणि माझ्या मते नवा बोल्ट मारण्यापेक्षा जुना रूट मोकळ्या हातांनी चढण्यात जास्त मजा आहे.

बुटक्या माणसाला, मुलींना वेगळा ग्रेड का नाही?

कारण ग्रेड कातळाचा असतो, माणसाचा नाही. एखादा होल्ड लांब असेल तर बुटक्याला तो रूट अवघड जातो हे खरंच. पण बारीक भेगेत बारीक बोटं आत जातात आणि जाड बोटं बाहेर राहतात, तेव्हा हिशेब फिटतो. २०२५ मध्ये अमेरिकेच्या ब्रुक राबाटूने इटलीतला एक्सकॅलिबर हा रूट चढून ९-बी+ गाठला. तिला उंचीसाठी काही सवलत मिळाली नव्हती.

हिरकणीच्या कड्याचा ग्रेड काय असेल?

हा प्रश्न रायगडावर दरवेळी कुणीतरी विचारतंच. गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे: दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि गवळण रात्री कडा उतरून गेली. ग्रेडच्या भाषेत तिच्या उतरण्याचं काहीच मोजता येत नाही. ग्रेड दिवसाच्या उजेडातला असतो, चढण्याचा असतो आणि दोर असो-नसो, तोच राहतो. अंधार, उतरणं, दोर नसणं आणि घरी रडणारं पोर या चारही गोष्टींना आकडा नाही. उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही, म्हणून तोच टप्पा चढण्यापेक्षा उतरायला जास्त अवघड, हे मात्र कुठल्याही क्लाइंबरला विचारा.

माडावर सरसर चढणाऱ्याला क्लाइंबिंग सोपं जाईल का?

उंचीची भीती नसते आणि पायांवर विश्वास असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी तो शहरी पोरांच्या पुढे असतो. पोफळीवर चढून झुलत शेजारच्या झाडावर जाणारे तर काय, त्यांना एक्सपोजर, म्हणजे पायाखालची उघडी दरी, शिकवायला नको. पण खोडावर एकच हालचाल पुन्हा-पुन्हा करायची असते. कातळावर दर हालचाल नवी, आणि ५.९ च्या पुढे कातळाचं वाचन लागतं. ते सगळ्यांना सारखंच नव्याने शिकावं लागतं.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ग्रेड बदलतो का?

कागदावर नाही, हाताखाली बदलतो. जून ते सप्टेंबर कातळावर शेवाळं असतं, तेव्हा आकडे विसरा. पाऊस गेल्यावर लगेच, ऑक्टोबरात, भेगांतली माती धुऊन गेल्यामुळे दगड सुटे झालेले असतात आणि कड्याखाली हेल्मेट घालूनच उभं राहावं लागतं. डिसेंबर-जानेवारीची सकाळ सर्वांत चांगली. मार्चपासून बेसॉल्ट दुपारी इतका तापतो की बोटं टेकवत नाहीत, आणि दमट हवेत चॉक, म्हणजे हात कोरडे ठेवायची पांढरी पूड, लावून दोन हालचाली होतात न होतात तोच हात पुन्हा ओला. बारीक होल्डच्या रूटवर हे जास्त जाणवतं, मोठ्या होल्डवर फारसं नाही.

ऑनसाइट, फ्लॅश, रेडपॉइंट हे ग्रेड आहेत का?

नाहीत, चढण्याच्या रीती आहेत. रूटबद्दल काही न ऐकता पहिल्याच प्रयत्नात, न पडता चढलात तर ऑनसाइट. माहिती घेऊन पहिल्या प्रयत्नात चढलात तर फ्लॅश. आधी पडून-झडून सराव केला आणि मग एकदा न लटकता लीड केलात, म्हणजे खालून दोर अडकवत नेत चढलात, तर रेडपॉइंट. हे नाव जर्मनीच्या कुर्ट आल्बर्टने सत्तरच्या दशकात दिलं. जो रूट तो असा चढे, त्याच्या पायथ्याला तो लाल ठिपका काढायचा. कोणी “मी ६-सी चढतो” म्हणालं तर कुठल्या रीतीने ते विचारून घ्या.

जगातला सगळ्यात अवघड रूट कोणता?

अॅडम ओंड्राने २०१७ मध्ये नॉर्वेतल्या फ्लातांगरच्या गुहेत सायलेन्स चढून ९-सी हा ग्रेड पहिल्यांदा सुचवला. त्यानंतर आणखी मोजक्या रूटना तोच सुचवला गेला. बोल्डरिंगमध्ये फिनलंडचा बर्डन ऑफ ड्रीम्स, फॉन्ट ९-ए. तो २०१६ मध्ये नाले हुक्कातायवालने चढला आणि दुसऱ्या माणसाला तो जमायला २०२३ साल उजाडलं. तोवर तो ग्रेड एका माणसाच्या शब्दावर उभा होता.

क्लाइंबिंगच्या कृत्रिम भिंतीवर ६-ए चढतो. बाहेर कुठून सुरुवात करू?

५.६-५.७ पासून, टॉप रोपवर. भिंतीवर रंगीत होल्ड पुढचा मार्ग दाखवतात, कातळावर ते स्वतः शोधावे लागतात.

आमच्या गावच्या कड्याक खयचो ग्रेड द्यायचो? अजून कोण चढूक नाय.

आधी विचारा, मग चढा. डोंगर वनखात्याचा आहे का, किल्ला असेल तर पुरातत्त्व विभागाचा आहे का, वर देवस्थान किंवा देवराई आहे का, हे गावात बसून समजून घ्या. सड्यावर कातळशिल्पं असतील तर अँकर, खडूच्या खुणा, बूट सगळं त्यापासून लांब ठेवा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण यादीत नसलेल्या चित्राची किंमतही कमी नाही. घारी-गिधाडांची घरटी किंवा मोहोळ दिसलं तर तो हंगाम सोडून द्या.

मग टॉप रोप लावून वेगवेगळ्या उंचीच्या, वेगवेगळ्या वकुबाच्या तीन-चार जणांना चढवा. एकमेकांना न सांगता प्रत्येकाने आकडा चिठ्ठीवर लिहावा. पहिल्याने मोठ्याने “५.९” म्हटलं की बाकीचे त्याच्याच मागे जातात. चिठ्ठ्या उघडून मधला आकडा घ्या. त्यासोबत उंची, कातळाचा प्रकार, सुटे दगड कुठे, अँकर कशाला बांधला, सावली किती वाजेपर्यंत आणि कोणत्या महिन्यात चढलात तेही लिहा. नाव ठेवायचं असेल तर त्या जागेचं गावात जे नाव आहे तेच ठेवा, बहुतेक कातळांना ते असतंच.

टॉप रोपवर चढलेलं मोजायचं का?

मोजा, फक्त पुढे “टॉप रोप” लिहा.